दिव्यांची खोली, निळी खोली

प्रिय प्रशांतचे पप्पा,

'प्रिय' वाचून हसू नका. जिवंतपणी कधी लिहिलं नाही, खरंय. तुम्ही शहाडच्या कंपनीत, मी उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या जीन्सच्या कारखान्यात, आणि संध्याकाळी घरी आलो की दोघंही दमलेले. पत्र कोण लिहिणार आणि कोणाला? पण आज लिहितेय, कारण उद्या सकाळी माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदू. नंतर काही दिवस लिहायचं नाही, वाकायचं नाही, गॅससमोर उभं राहायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दटावून सांगितलंय. म्हटलं, त्याआधी तुमच्याशी बोलून घ्यावं. आपल्या सूनबाईने, मनीषाने, तिच्या शाळेतला जाड काळा पेन दिलाय. ओळी वर चढतायत की खाली घसरतायत, मला कळत नाही. तुम्ही सांभाळून घ्या.

हो, मीच ती. 'मेले तरी दवाखान्याची पायरी चढणार नाही' म्हणणारी! आश्चर्य वाटलं ना? मलाही वाटतंय. सकाळपासून भीती वाटतेय, पण खरं सांगू का, आतून थोड्या गुदगुल्याही होतायत. लहानपणी जत्रेच्या आदल्या दिवशी व्हायच्या तशा.

झालं काय, ते पहिल्यापासून सांगते.

तुम्ही गेलात तेव्हापासून मला दवाखान्याचा नुसता वास आला तरी मी रस्ता बदलायचे. तुम्ही चालत गेला होतात हो! स्वतःच्या पायांनी, शर्टाच्या बाह्या दुमडत, साध्या तपासणीला. आणि दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्समधून घरी आणलं तुम्हाला. तेव्हाच मी मनाशी गाठ मारली, माणूस दवाखान्यात शिरला की संपला. तुमच्या पुण्यानुमोदनाला आलेले सगळे समजावत होते, वहिनी, डॉक्टरांचा काही दोष नाही, हार्टचं होतं. मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

मग डोळ्यांपुढे गढूळ व्हायला लागलं तेव्हा कोणाला बोललेच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! कशी झाकली ते ऐका, तुम्हाला मजा वाटेल. तांदूळ निवडायचे ते बोटांनी. कपात चहा किती भरला ते आवाजावरून. सोसायटीत समोरून कोणी आलं की आधी आपणच म्हणायचं, "काय, झालं का जेवण?" ते उत्तर देतात आणि आवाजावरून माणूस कळतं. रिक्षा स्टँडवर पाटी वाचायचं कामच नाही, ओरडणाऱ्याच्या मागे जायचं. टीव्हीसमोर बसून मी सिरियल ऐकायचे आणि बाकीच्यांना वाटायचं, बघतेय. सुई ओवायची वेळ आली की मनीषाला हाक. "ओवून दे गं, माझे हात ओले आहेत."

एकदा ती म्हणालीच, "मम्मी, शिवायला बसल्यावरच कसे हो ओले होतात तुमचे हात?"

मी सुई तिच्या हातातून घेतली आणि टाके घालायला लागले.

पण खरा घोळ झाला तो तुमच्या शर्टावरून. तो निळा, जयंतीला घालायचात तो. कपाटात वरच्या कप्प्यात जपून ठेवलाय मी. जयंती जवळ आली म्हणून ऊन दाखवायला बाहेर काढला आणि बघते तर काय, खाकी झालेला! मळकट, चहाच्या गाळात बुडवल्यासारखा. माझं डोकंच फिरलं. मनीषावर असा तोंडाचा पट्टा सोडला म्हणता! "कशात भिजवलास? माणूस गेलं, निदान त्याचा शर्ट तरी नीट ठेवायचा!" ती बिचारी शर्ट हातात घेऊन उभी. म्हणाली, "मम्मी, शर्टाला काही झालेलं नाही." मला वाटलं, बघा, वर तोंड करून खोटंही बोलते! मग काय, आमचा अबोला. प्रशांत मधल्या मध्ये 'मम्मीला सांग', 'मनीषाला सांग' करत फिरत होता. त्याला दोन्हीकडून बोलणी.

अबोला मोडला तिनेच. मोठ्या मनाची आहे हो तुमची सून. एका संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. "मम्मी, मुंबईत एका मोठ्या चित्रकाराचं प्रदर्शन लागलंय, मॉडर्न आर्टच्या म्युझियममध्ये. रविवारी मी जातेय. येता का?"

ती शाळेत चित्रकला शिकवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बघायला गेलो तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, चला, आपल्या घरात कोणीतरी सरळ रेघ मारणारं येतंय. तर मी मनात म्हटलं, मला कसली चित्रं बघायला नेतेस बाई! पण नाही म्हणावं तर 'का नाही' असं विचारणार. आणि ती आपण होऊन पुढे आली होती, मी ताणून धरणं बरं दिसेना. म्हटलं, येते.

काय ते म्युझियम, अहो! थंडगार, आणि शांत तर इतकं की आपल्याच चपलांची लाज वाटावी. चित्रकार कोकणातला, आता हयात नाही, नाव फार मोठं म्हणे. पहिल्या दालनात त्याची तरुणपणची चित्रं होती. मी आपली युक्ती केली. मनीषा बोलेपर्यंत गप्प राहायचं. ती म्हणाली, "या बाईच्या नाकातली नथ बघा," की मी म्हणायचे, "अगदी हुबेहूब!" ती म्हणाली, "काय सुंदर कोंबडा आहे," की मी, "आत्ता आरवेल!" असं आमचं छान चाललं होतं.

मग ती एका चित्राची माहिती वाचत मागे राहिली आणि मी एकटीच पुढे सरकले. समोर भिंतभर काहीतरी तपकिरी. काय आहे ते कळेना. मग घरी करते तेच केलं. जवळ गेले आणि कडेला अंगठा आणि बोट लावून बघितलं.

"अहो मावशी! हात नका लावू!" सिक्युरिटीवाली मुलगी धावतच आली.

मी दचकले. "अगं, कापड बघत होते."

"कापड नाही ते, पेंटिंग आहे!"

"कापडावरच काढलंय ना? जाड आहे, चांगलं आहे."

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? जन्म गेला कॅम्प तीनच्या बाजारात. तिथे शेठ स्वतः तागा पुढ्यात टाकतो आणि म्हणतो, "हाथ लगाके देखो, बाई!" हात न लावता पुढे गेलं तर त्याला राग. इथे हात लावला तर राग! मनीषा आली, तिने त्या मुलीची माफी मागितली आणि माझा हात धरला. नंतर तो सोडलाच नाही. ती माझ्याकडे बघत होती. मला दिसलं नाही, पण कळलं.

आणि मग आम्ही आतल्या खोलीत गेलो.

अहो, मी जागच्या जागी थांबले. मोठमोठी चित्रं. बंदर होतं, बोटी होत्या, चाळीच्या खिडक्या होत्या आणि सगळीकडे दिवे. प्रत्येक दिव्याभोवती पिवळं-तांबूस कडं. कशालाही कड अशी नाही, सगळं एकमेकांत सांडलेलं. चंद्र एक नाही, दोन, एकाला एक चिकटून. आणि या सगळ्यावरून चहाच्या पाण्याचा हात फिरवलेला. त्या अख्ख्या दिवसात पहिल्यांदा मला चित्र दिसलं! नीट दिसलं! मला इतका आनंद झाला की तोंडावर ताबाच राहिला नाही.

"मनीषा, या माणसाने बरोब्बर काढलंय बघ! दिवे अगदी असेच असतात!"

"असेच म्हणजे?"

"असेच गं. भोवती कडं. आणि चंद्र हा असा डबल."

माझ्या हातावरची तिची पकड घट्ट झाली. मला वाटलं, सासूची समज बघून चाट पडली. मग अगदी हळू आवाजात विचारलं तिने, "मम्मी, आपल्या हॉलमधल्या ट्यूबलाइटला पण असं कडं असतं?"

"सगळ्याच दिव्यांना असतं. तुला नाही दिसत?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, मम्मी."

मग तिने भिंतीवरची माहिती मला वाचून दाखवली. या चित्रकाराला म्हातारपणी मोतीबिंदू झाला होता. कितीतरी दिवस त्याने कोणाला सांगितलंच नाही. ऑपरेशनची भीती वाटायची. या खोलीतली चित्रं त्या काळातली. त्याला जे दिसायचं, जसं दिसायचं, तसं काढत राहिला. शेवटी घरच्यांनी हाताला धरून नेलं, ऑपरेशन झालं. पुढच्या खोलीत त्यानंतरची चित्रं आहेत.

चोरी पकडली गेली, आणि पकडून कोणी दिली, तर मीच! एवढी वर्षं जपलेली मूठ एका चंद्राने उघडली.

मनीषा ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "म्हणजे मम्मी, पप्पांचा शर्ट..."

"तो निळाच आहे ना गं?"

"निळाच आहे. होता तसाच आहे."

काय तोंड दाखवायचं सांगा मला! मी म्हटलं, "मनीषा, मी तुला नाही नाही ते बोलले." ती म्हणाली, "बोललात खऱ्या. घरी जाताना आइस्क्रीम खायला घाला." अशी आहे ती. डोळ्यात पाणी आणि तोंडात मस्करी. तुमच्याच घरात शोभते.

मग पुढची खोली. आमच्यापुढे एक जोडपं आत गेलं आणि त्यातला तो मुलगा जोरात म्हणाला, "अरे यार, कसला निळा आहे!" लोक 'वा', 'वॉव' करत होते. एक आजोबा नुसतेच 'आहाहा' म्हणत होते. मी एका चित्रासमोर उभी राहिले. दुसऱ्यासमोर गेले. पार शेवटच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आले.

अहो, मला काहीच वेगळं दिसलं नाही. तेच चहाचं पाणी. तो माणूस भीतीतून बाहेर पडला, त्याला पुन्हा लख्ख दिसायला लागलं, त्याने निळ्याने भिंती भरून टाकल्या, आणि मला दोन्ही खोल्या सारख्याच!

मी मनीषाला विचारलं, "कसा आहे गं तो निळा?"

तिने चित्राजवळ वाकून बघितलं. मग म्हणाली, "हा इथला आहे ना, तो जीन्सच्या कोऱ्या ताग्याचा. धुवायला टाकायच्या आधीचा. आणि त्या बाजूचा आपल्या जयंतीच्या झेंड्याचा."

मग मात्र मला रडू आवरेना. निळ्यात तर माझा सगळा जन्म गेलाय. काज-बटन करून करून बोटं निळी व्हायची, घासली तरी जायची नाहीत. तुम्ही म्हणायचात, "बाई, चपातीला पण रंग लागलाय, कुठल्या कंपनीची जीन्स खातोय मी?" आणि तो निळा मला आता दुसऱ्याला विचारावा लागतो! माझा मलाच इतका राग आला. त्या भरल्या खोलीत मी मोठ्याने म्हणाले, "मला बघायचंय ते. मला नाही ऐकायचं, मला बघायचंय!" लोक वळून बघायला लागले. बघू देत.

मनीषाने मला मधल्या बाकावर बसवलं. "मग डॉक्टरांकडे जाऊया?"

"भीती वाटते."

"पप्पांमुळे?"

"त्यांच्यामुळे नाही तर काय! चालत गेले होते ते."

ती माझ्या हातावर हात ठेवून बसली होती. म्हणाली, "मम्मी, एक विचारू? पप्पांच्या छातीत किती दिवस दुखत होतं?"

तुम्हाला माहितेय उत्तर. गॅस झालाय, गॅस झालाय म्हणत तुम्ही ओवा चघळत होतात. ओव्याची बरणी संपली म्हणून मी नवीन भरून ठेवली! जिना चढताना मध्येच थांबायचात आणि मी बघितलं की चपलेचा पट्टा नीट करायचात. का नाही सांगितलंत हो? मी काय परकी होते? काळजी करीन म्हणून? मग तुम्ही गेल्यावर काय मजेत होते मी? एवढी वर्षं मी दवाखान्याला बोल लावला. पण दवाखान्याने नाही नेलं तुम्हाला. तुम्ही उशिरा गेलात. हे मला आतून ठाऊक होतं, पण ते म्हणायचं म्हणजे तुमच्यावर रागवायचं, आणि गेलेल्या माणसावर कसं रागवायचं? त्या बाकावर बसून मी रागावले. चांगली रागावले. रागावल्यावर छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं, काय करणार!

आणि बघा ना, तेच मी करत होते. तुम्ही गॅस म्हणायचात, मी ओले हात म्हणायचे. नवऱ्याचा एवढा एकच गुण उचलला, तोही असला!

तेवढ्यात ती मघाची सिक्युरिटीवाली पाण्याची बाटली घेऊन आली. "मावशी, बरं वाटत नाही का?" मनीषाने सांगितलं तिला. तर ती म्हणाली, "एवढंच ना? माझ्या आईचं झालं की गेल्या वर्षी. पट्टी काढली आणि पहिलं काय बोलली माहितेय? 'घरात केवढी ही जळमटं! झाडतं की नाही कोणी इथे?' तेव्हापासून रोज भांडतेय आमच्याशी."

मनीषा लगेच म्हणाली, "मग नको बाई, राहू दे ऑपरेशन."

तिघी हसलो. त्या शांत म्युझियममध्ये, खिदळलो म्हणा ना. कोणीतरी 'शूः' केलं, आणि ती सिक्युरिटीवालीच गडबडून गप्प बसली.

बुधवारी मनीषा मला उल्हासनगरला घेऊन गेली. डॉक्टरीण सिंधी आहे, बोलायला गोड पण खमकी. डोळ्यात बॅटरी मारून म्हणाली, "आंटी, पूरा पक गया है! इतने दिन कहाँ थे?" मी म्हटलं, "घरपेच थी." आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन म्हणतात, पण ही बाई आधी उजवा देणार, डावा महिन्याने. मी विचारलं, "निळा दिसेल ना?" म्हणाली, "इतना दिखेगा कि आप परेशान हो जाओगे." म्हटलं, होऊ दे परेशान.

प्रशांत आधी चिडला, लपवलं म्हणून. मग चपला घालून बाहेर गेला आणि माझ्यासाठी भेळ घेऊन आला. तुमचंच पोरगं ते. राग आला की खाऊ घालतो.

एक गंमत सांगू? ते दिव्यांभोवतीचं कडं मला थोडं आवडायचं. बदलापूरचा आपला साधा रस्ता, पण संध्याकाळी रोज लग्न असल्यासारखा दिसायचा. ते आता जाईल. जाऊ दे. प्रदर्शन अजून बरेच दिवस आहे. मनीषा म्हणाली, डॉक्टर हो म्हणाल्या की पुन्हा जाऊ, आधी दिव्यांची खोली, मग निळी. दोन्हींतला फरक मी माझ्या डोळ्यांनी बघणार आहे. या वेळी हात मागे बांधून.

भीती गेलेली नाही, खोटं कशाला बोलू? उद्या टेबलावर झोपताना तुमची आठवण येईल आणि उठून पळावंसं वाटेल. पण मी वेळेवर चाललेय, ही गोष्ट मी स्वतःला सांगत राहीन.

शेवटचं एक, जे कोणालाच सांगितलेलं नाही. त्या सकाळी तुम्ही दारातून "येतो गं" म्हणालात. आपल्यात 'जातो' कोणी म्हणत नाही, तसंच म्हणालात. मी चपात्या लाटत होते. "हां, या," म्हटलं, आणि मान वर केली नाही. तेव्हा माझे डोळे चांगले होते हो, सगळं दिसत होतं, आणि मी पोळपाटाकडे बघत होते. तुम्ही त्या दारात कसे उभे होतात ते मला माहीत नाही. कितीदा आठवायला बघते, दार दिसतं, तुम्ही दिसत नाही.

तर उद्या मी दारात उभी राहून "येते" म्हणेन, आणि येईन. आणि माझी पट्टी सुटली की या घरातून जो कोणी "येतो" म्हणून निघेल, प्रशांत असो, मनीषा असो, नाही तर दारावर आलेला गॅसवाला असो, मी हातातलं काम टाकून मान वर करीन आणि जाणाऱ्याचा चेहरा डोळे भरून बघून घेईन. हे माझं तुम्हाला वचन.

तुमचीच,
शालन